कल्याणच्या बत्तीस तबकड्या आणि आकाशगंगेचा गाभा

१९६५ च्या एप्रिलमध्ये कल्याणजवळच्या मोकळ्या जमिनीवर बत्तीस तबकड्या सूर्याकडे तोंड करून उभ्या होत्या. प्रत्येकीचा व्यास साधारण सहा फूट. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम रेषेत ६३० मीटर लांबीवर मांडलेल्या, उरलेल्या आठ दक्षिणोत्तर २५६ मीटरांवर. त्या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, ती पहिली रेडिओ दुर्बीण. उटीची दुर्बीण आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी विज्ञानप्रेमी वाचकांना ठाऊक असतात. त्या दोन्हींची सुरुवात ठाणे जिल्ह्यात झाली, हे मात्र कल्याण-डोंबिवलीतल्याही फार थोड्यांच्या कानावर असते.

ही गोष्ट मला एका प्रश्नाला धरून सांगायची आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळ वायूचे प्रचंड ढग आहेत. ते आपल्यापासून किती लांब आहेत, आणि त्यांच्यातला कोणता पुढे, कोणता मागे, हे माणसाला कळले कसे? कल्याणच्या दुर्बिणीने हे मोजले नाही. ती सूर्यासाठी बांधलेली होती आणि तेवढीच तिची ताकद होती. पण ज्या आवारातून तिच्या तबकड्या आल्या, तिथेच या प्रश्नाला तोंड फुटले होते. आणि तिच्यावर हात बसवलेल्या माणसांनी पुढे जे उभारले, त्यातून प्रश्नाच्या एका महत्त्वाच्या भागाचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवरून मिळाले.

ते आवार होते सिडनीच्या पश्चिम भागात, पॉट्स हिल नावाच्या जलाशयाच्या काठावर. दुसऱ्या महायुद्धात रडार बनवणारी ऑस्ट्रेलियाची शास्त्रज्ञ मंडळी युद्ध संपल्यावर त्याच साधनांनी आकाश ऐकू लागली. सीएसआयआरओ ही तिथली सरकारी संशोधन संस्था. तिच्या रेडिओभौतिकी विभागात जोसेफ पॉसी यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट कामाला लागला होता. आकाशगंगेतून रेडिओ लहरी येतात आणि त्या धनू राशीच्या दिशेला सर्वांत तीव्र असतात, हे कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९३३ मध्येच जाहीर केले होते. पण ती तीव्रता आकाशाच्या मोठ्या पट्ट्यात पसरलेली दिसत होती. तिच्यातला नेमका ठिपका वेगळा काढला तो पॉट्स हिलला. जॅक पिडिंग्टन आणि हॅरी मिनेट यांनी रडारसाठी बनवलेली जुनी अँटेना वापरून १२१० मेगाहर्ट्झवर धनू राशीतला एक ठळक स्रोत १९५१ मध्ये नोंदवला. त्यालाच पुढे सॅजिटेरियस ए हे नाव पडले. आकाशगंगेचा गाभा तो हाच, हे मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने आकाशगंगेच्या अक्षांश-रेखांशांची नवी मांडणी ठरवली तेव्हा शून्य रेखांश याच स्रोताच्या आधाराने पक्का झाला, आणि ती मांडणी सिद्ध करणाऱ्यांत पॉसी होते.

त्याच १९५१ सालात आणखी एक गोष्ट घडली. अंतराळातला थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर सोडतो, हे अमेरिकेत हॅरल्ड युअन आणि एडवर्ड पर्सेल यांना मार्चमध्ये सापडले. हॉलंडच्या मंडळींनी आणि ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस क्रिस्टियनसेन आणि जिम हाइंडमन यांनी काही महिन्यांत तो शोध पडताळून पाहिला. हा ऑस्ट्रेलियन पडताळाही पॉट्स हिलचाच. वायूचा ढग दिसत नसला तरी ऐकू येतो, आणि लहर किती सरकली आहे यावरून त्याचा वेग कळतो, हे हत्यार तेव्हापासून खगोलशास्त्राच्या हाती आले.

या क्रिस्टियनसेन यांनी जलाशयाच्या काठावर बत्तीस छोट्या तबकड्यांची रांग उभी केली होती. सूर्याचे रेडिओ चित्र काढायचे तर एक प्रचंड तबकडी हवी. ती बांधायला पैसे नाहीत, तर समान अंतरावर पुष्कळ लहान तबकड्या ठेवा आणि त्यांचे संदेश एकत्र करा, ही त्यांची युक्ती. १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर दोन भारतीय तरुण या गटात आले: आर. पार्थसारथी आणि गोविंद स्वरूप. स्वरूप मूळचे उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्याचे, अलाहाबाद विद्यापीठाचे पदवीधर, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली काम करणारे. कृष्णन १९५२ मध्ये सिडनीला एका परिषदेसाठी गेले होते आणि तिथले काम पाहून भारावून परतले होते. त्यांनीच स्वरूपना तिकडे पाठवले.

पॉट्स हिलला या दोघांनी त्या बत्तीस तबकड्यांची रांग २१ सेंटिमीटरऐवजी ६० सेंटिमीटर तरंगलांबीवर चालेल अशी बदलून घेतली. प्रत्येक तबकडीवर चढायचे, तिच्या नाभीपाशी नवा ग्राहक बसवायचा, तारा जुळवायच्या, मोजायच्या, पुन्हा जुळवायच्या. या विद्येला हाताचे कसबच लागते. इतक्यात क्रिस्टियनसेन यांची नवी, मोठी दुर्बीण फ्लर्स या ठिकाणी बांधायचे ठरले आणि पॉट्स हिलची रांग मोडीत निघणार असे दिसू लागले. स्वरूपनी विचारले, त्या तबकड्या भारताला देता येतील का? पॉसी आणि क्रिस्टियनसेन यांनी मनापासून पाठिंबा दिला आणि १९५५ मध्ये सीएसआयआरओने त्या भेट म्हणून देण्याचे कबूल केले.

भेट फुकट होती, पण जहाजाचे भाडे फुकट नव्हते. परकीय चलनाचा तुटवडा असलेल्या त्या काळात काहीशे पौंडांचा प्रश्न अडून बसला आणि पाठवणी रखडली. वाट पाहून स्वरूप १९५६ मध्ये अमेरिकेला गेले. टेक्ससमध्ये हार्वर्डच्या केंद्रात काम, मग स्टॅनफर्डला रॉन ब्रेसवेल यांच्याकडे डॉक्टरेट, मग तिथेच अध्यापन. तबकड्या पुढे दिल्लीला पोहोचल्या आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पडून राहिल्या.

इथे जरा थांबून अंतराचा प्रश्न नीट मांडायला हवा, कारण पुढची सगळी धडपड त्याच्याशी जोडलेली आहे. जवळच्या ताऱ्याचे अंतर पराशयाने मोजतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले तर तारा किंचित सरकलेला दिसतो. जितका तारा लांब तितके सरकणे कमी. आकाशगंगेच्या केंद्राएवढ्या अंतरावर हे सरकणे इतके सूक्ष्म होते की विसाव्या शतकात ते मोजणे कोणाच्या आवाक्यात नव्हते. वायूच्या ढगांसाठी दुसरा उपाय होता. आकाशगंगा फिरते, कुठल्या अंतरावरचा वायू किती वेगाने जातो याचे गणित मांडता येते, म्हणून ढगाचा वेग मोजला की अंतर काढता येते. आकाशगंगेच्या इतर भागांत हे साधते. नेमके केंद्राच्या दिशेला ते फसते, कारण तिथे वर्तुळाकार फिरणारा वायू आपल्या दृष्टिरेषेला आडवा जातो. तो आपल्याकडे येतही नाही आणि लांबही जात नाही, म्हणजे लहर सरकतच नाही. त्यात केंद्राजवळचे ढग साध्या वर्तुळात फिरतही नाहीत. त्यामुळे वेगावरून काढलेले अंतर तिथे विश्वासाचे राहत नाही.

उरतो तिसरा उपाय, आणि तोच या कथेचा कणा आहे. कल्याण स्टेशनात वाफेच्या इंजिनांचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना तो लगेच समजेल. सिग्नलच्या दिव्यापुढून धूर गेला तर दिवा मंदावतो. धूर दिव्याच्या मागून गेला तर दिव्याला काही होत नाही. दिवा मंदावला की नाही, एवढ्यावरून धूर कुठे आहे हे ठरते. तेजस्वी रेडिओ स्रोतापुढे वायूचा ढग असेल तर तो ढग स्रोताच्या लहरींतला काही भाग शोषतो. मागे असेल तर शोषत नाही. यातून किलोमीटर किंवा प्रकाशवर्षे मिळत नाहीत, क्रम मिळतो. केंद्राच्या बाबतीत क्रमच हवा असतो. सॅजिटेरियस ए आपल्यापासून सुमारे २६,७०० प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्या अंतर्भागातले ढग एकमेकांपासून काही दहा प्रकाशवर्षांच्या आत आहेत. दोन ढगांची अंतरे वेगवेगळी मोजून वजाबाकी करायला गेलो तर मोजमापातली चूकच उत्तरापेक्षा मोठी निघते.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाचे अधिवेशन भरले होते. तिथे परदेशांत काम करणारे चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसले: गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. सगळ्यांनी मिळून भारतात परतायचे आणि रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारायचा, असा प्रस्ताव त्यांनी लिहिला आणि देशातल्या प्रमुख विज्ञान संस्थांकडे पाठवला. प्रस्तावाची शिफारस करणाऱ्यांत बार्ट बॉक, यान ऊर्ट आणि हार्लो शॅपली यांची नावे होती. आकाशगंगेचे केंद्र सूर्यापाशी नसून दूर धनू राशीकडे आहे हे १९१८ च्या सुमारास दाखवणारे ते शॅपली, आणि आकाशगंगा फिरते हे १९२७ मध्ये सिद्ध करणारे ते ऊर्ट. सर्वांत ठाम उत्तर आले होमी भाभांचे. टीआयएफआरने गट स्थापन करायचे ठरवले आहे, पत्र मागाहून येते, अशा अर्थाची त्यांची तार जानेवारी १९६२ मध्ये पोहोचली. सरकारी फायलीत चार वर्षे सहज जिरली असती असा निर्णय भाभांनी काही महिन्यांत घेतला. त्याबद्दल मला त्यांचे फार मोठेपण वाटते.

चौघांपैकी आधी परतले ते स्वरूप. २ एप्रिल १९६३ रोजी ते टीआयएफआरमध्ये रुजू झाले. कुंडू आणि मेनन काही वर्षांनी येऊन काम करून पुन्हा परदेशी गेले. स्वरूप राहिले. रुजू झाल्यावर त्यांनी केलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे दिल्लीत पडून असलेल्या बत्तीस तबकड्या मागवून घेणे.

जागा ठरली कल्याणजवळची. मुंबईपासून ५० किलोमीटरच्या आसपास, कुलाब्याच्या संस्थेतून लोकलने जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगी, आणि ६३० मीटरांची सरळ रेषा मांडता येईल अशी मोकळी. आज कल्याणच्या हद्दीत कुठे एवढी रिकामी सरळ जागा शोधायची म्हटले तर कठीणच. माणसे मोजकी होती. दिल्लीच्या प्रयोगशाळेतून एन. व्ही. जी. शर्मा आणि एम. एन. जोशी आले. तुर्भ्याच्या अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेतून नुकते बाहेर पडलेले विजय कपाही आणि जे. डी. इस्लूर आले. रमेश सिन्हा आणि डी. एस. बागडी ही आणखी तरुण मंडळी. रेडिओ दुर्बीण बांधण्याचा अनुभव यांच्यातल्या बहुतेकांना नव्हता, आणि तोच मिळवायला ते कल्याणला जात होते.

दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटर तरंगलांबीवर, चालायची. अशा दुर्बिणीत प्रत्येक तबकडीकडून येणारा संदेश सारखे अंतर चालून एका ठिकाणी पोहोचावा लागतो. तार काही सेंटिमीटरने लांब झाली, उन्हात तापून ताणली गेली किंवा सांध्यात पावसाचे पाणी शिरले, की लहरींचा मेळ बिघडतो आणि चित्र विस्कटते. ठाणे जिल्ह्याचा पावसाळा ज्यांना माहीत आहे त्यांना या कामाची कल्पना येईल. सगळे जुळून आल्यावर पूर्व-पश्चिम दिशेला सुमारे २.३ कलांचा आणि दक्षिणोत्तर ५.२ कलांचा बारकावा मिळत असे. सूर्यबिंब साधारण ३० कलांचे, त्यामुळे त्याचे भाग वेगळे दिसायला हे पुरेसे होते. शांत सूर्याची कड या तरंगलांबीवर मधल्या भागापेक्षा उजळ दिसते, आणि सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, असे निष्कर्ष कल्याणच्या नोंदींतून निघाले आणि जगासमोर गेले.

हे निष्कर्ष महत्त्वाचे होतेच. पण माझ्या मते कल्याणचे खरे देणे म्हणजे तिथे तयार झालेले हात. कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. शर्मा आणि जोशी उटीच्या दुर्बिणीच्या उभारणीत होते. पुष्कळ लहान अँटेना एकत्र आणून एक मोठी दुर्बीण घडवायची, महाग वस्तू विकत न घेता स्वतः बनवायची, बिघाड स्वतः शोधायचा, ही सवय कल्याणला लागली आणि पुढच्या साठ वर्षांत सुटली नाही.

कल्याणच्या तबकड्या उभ्या राहत होत्या तेव्हाच स्वरूपच्या डोक्यात पुढची दुर्बीण घोळत होती. १९६३ मध्ये सिरिल हॅझर्ड यांनी चंद्रपिधानाचा उपयोग करून ३सी २७३ या क्वेसारची जागा अचूक ठरवली होती. चंद्राची कड आकाशात कुठे आहे हे अत्यंत नेमकेपणाने माहीत असते. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो आणि पुन्हा उघडतो तेव्हा त्या क्षणांच्या नोंदीवरून स्रोताचा आकार आणि जागा कळते. स्वरूपनी असे गणित मांडले की भारत विषुववृत्ताजवळ असल्याने इथे एक सोय आहे: जितका अक्षांश तितकाच उतार असलेली टेकडी सापडली, तर तिच्यावर ठेवलेला लांबट आरसा पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहील आणि एकाच दिशेने फिरवून चंद्राचा तासन्‌तास पाठलाग करता येईल. असा ११ अंशांचा उतार उटीजवळच्या मुथोराईला मिळाला. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, अकराशे पोलादी तारांचा हा आरसा फेब्रुवारी १९७० मध्ये कामाला लागला. भाभा ते पाहायला नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समधल्या विमान अपघातात ते गेले होते.

मुहूर्त मात्र विलक्षण साधला. आकाशगंगेचे केंद्र सूर्यमार्गापासून जवळजवळ साडेपाच अंश दक्षिणेला आहे. चंद्राची कक्षा १८.६ वर्षांच्या चक्रात डोलते आणि त्या चक्रातल्या मोजक्याच वर्षांत चंद्र एवढा दक्षिणेला जाऊन सॅजिटेरियस ए झाकू शकतो. १९६९ च्या आगेमागे ती वर्षे होती. गोपालकृष्ण, स्वरूप, शर्मा आणि जोशी यांनी उटीच्या ३२७ मेगाहर्ट्झवरून या पिधानांची नोंद केली आणि केंद्राच्या भागाचे बारकाईचे निरीक्षण १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. चौघांपैकी तिघे कल्याणच्या दुर्बिणीवर हात बसलेले. त्याच पिधानांच्या काळात स्वीडनचे आगे सँडक्विस्ट हायड्रोजन, हायड्रॉक्सिल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या लहरींवर लक्ष ठेवून होते. चंद्राची कड सरकत गेली तसतशा या वायूंच्या शोषणरेषा गायब होत आणि परत येत. त्यावरून कोणता ढग स्रोताच्या कोणत्या भागापुढे आहे याचा माग लागला. चंद्राच्या कडेने आकाशगंगेच्या गाभ्यातले ढग चाचपणे ही मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर मोजणींपैकी एक वाटते.

सत्तरच्या दशकात सॅजिटेरियस ए चे घटक सुटे होऊ लागले. एका बाजूला सॅजिटेरियस ए ईस्ट, म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचे विस्तारणारे कवच. दुसऱ्या बाजूला ए वेस्ट, म्हणजे तापून आयनीभूत झालेल्या वायूच्या वळत गेलेल्या धारा. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना अमेरिकेतल्या ग्रीन बँकला ए वेस्टच्या आतच दिसलेला एक अतिशय लहान, तेजस्वी ठिपका, ज्याला ब्राउन यांनी पुढे सॅजिटेरियस ए-स्टार म्हटले. तेच आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे कृष्णविवर, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे.

तिन्ही वस्तू आकाशात एकमेकींवर पडलेल्या दिसतात. पुढे कोण, मागे कोण? १९८९ मध्ये ॲलन पेडलर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांच्यात बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे के. आर. अनंतरामय्या होते, अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीने ९० सेंटिमीटरवर पाहिले. ए वेस्टची आकृती ए ईस्टच्या उजेडावर काळी उमटलेली दिसली. म्हणजे ए वेस्ट पुढे. तापलेल्या वायूचे शोषण तरंगलांबी वाढली की झपाट्याने वाढते, म्हणून हे लांब लहरींवरच दिसू शकले. उरला प्रश्न कृष्णविवराचा: ते ए वेस्टच्या वायूपुढे की मागे?

त्याचे उत्तर खोडदला मिळाले. १९८४ पासून स्वरूप आणि सहकारी एका प्रचंड दुर्बिणीचा आराखडा करत होते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या: चौदा मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, सोळा तीन बाहूंवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोऱ्यांवर ताणलेली बारीक तारांची जाळी वापरायची ही स्वरूपची कल्पना. वजन आणि वाऱ्याचा मारा दोन्ही कमी, म्हणून खर्चही कमी. टोमॅटो आणि द्राक्षांच्या शेतांमधून त्या तबकड्या उभ्या राहिल्या आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी जीएमआरटी जे. आर. डी. टाटांच्या स्मृतीला अर्पण करून राष्ट्राच्या स्वाधीन झाली. कपाही त्याआधी, १९९९ मध्ये, निवर्तले होते.

खोडद आणि कल्याण जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंशांच्या किंचित वर. आकाशगंगेचे केंद्र इथून क्षितिजावर जास्तीत जास्त ४२ अंश चढते. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलएला ते २७ अंशांपलीकडे मिळत नाही. वृश्चिकाची नांगी आणि धनूची किटली यांच्या मधला तो भाग जूनच्या मध्यरात्री आपल्याकडे सर्वांत उंच असतो, आणि तेव्हाच ठाण्याचे आकाश पावसाळी ढगांनी भरलेले असते. वांगणीच्या माळावर आकाशदर्शनाला जाणाऱ्यांची ही जुनी हळहळ आहे. ढग नसते तरी डोळ्यांना केंद्र दिसले नसते. मधल्या धुळीतून दृश्य प्रकाशाचा लाख कोटींतला एखादा कण इथवर पोहोचतो. अर्धा मीटर लांबीच्या रेडिओ लहरीला मात्र त्या धुळीचेही काही वाटत नाही आणि आषाढातल्या ढगांचेही.

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे शुभाशिस रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी जीएमआरटीने ५८०, ६२० आणि १०१० मेगाहर्ट्झवर हा भाग पाहिला. ६२० मेगाहर्ट्झवर त्यांना सॅजिटेरियस ए-स्टार दिसले. १००० मेगाहर्ट्झच्या खाली त्याचे ते पहिले दर्शन, २००४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेले. त्याआधी अनेकांना वाटत असे की तो ठिपका इतक्या लांब लहरींवर विझत असावा. आता गणित पाहा. ६२० मेगाहर्ट्झवर ए वेस्टचा वायू इतका दाट ठरला की त्याच्या मागून येणाऱ्या लहरींचा फक्त सातवा भाग पलीकडे निघावा. १०१० मेगाहर्ट्झवर तोच वायू निम्म्याच्या आसपास लहरी जाऊ देतो. कृष्णविवर वायूच्या मागे असते, तर १०१० वरून ६२० वर येताना त्याची तीव्रता कोसळली असती. ती कोसळली नाही. वरच्या वारंवारतांवर तिचा जो कल माहीत होता, त्याच कलाने ती खालीही गेली. म्हणजे सॅजिटेरियस ए-स्टार ए वेस्टच्या वायूपुढे, आपल्या बाजूला आहे.

कल्याणची दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर चालायची. चार दशकांनी त्याच पट्ट्यात, त्याच माणसाने घडवलेल्या परंपरेतल्या दुर्बिणीने, पॉट्स हिलला सापडलेल्या स्रोताच्या पोटातला क्रम लावला. योगायोग असेल, पण लिहून ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर प्रत्यक्ष अंतरेही हाती आली. २००९ मध्ये मार्क रीड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकाभर पसरलेल्या व्हीएलबीए दुर्बिणीने केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी२ या वायुमेघाचा पराशयच मोजला. त्या मेघातल्या पाण्याच्या रेणूंकडून येणाऱ्या तीव्र लहरी त्यांनी वापरल्या. उत्तर आले सुमारे ७.९ किलोपार्सेक, म्हणजे जवळजवळ २५,८०० प्रकाशवर्षे. वायूच्या ढगाचे अंतर शेवटी त्याच जुन्या पराशयाने मोजले गेले. २०१९ मध्ये ग्रॅव्हिटी या युरोपीय उपकरणाने कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या एका ताऱ्याच्या कक्षेवरून केंद्राचे अंतर ८,१७८ पार्सेक ठरवले. त्यातली अनिश्चितता पंचवीस-तीस पार्सेकांची, म्हणजे ऐंशी-नव्वद प्रकाशवर्षांची. एवढ्या उत्तम मोजणीतही ए वेस्ट आणि कृष्णविवर यांच्यातले पुढे-मागे कळणार नाही. तिथे अजूनही शोषणाचाच पुरावा लागतो, आणि म्हणून खोडदच्या त्या निरीक्षणाचे मोल कमी झालेले नाही.

गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात गेले. ९१ वर्षांचे होते.

कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना दोन विनंत्या आहेत. पहिली शाळांना: कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा या रस्त्याने गेले की नारायणगाव आणि खोडद गाठता येते. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल नाणेघाटातून ज्या जुन्नरकडे जायचा, तोच हा मुलूख. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते आणि तिथे विद्यार्थ्यांचे विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना एकदा तरी तिथे न्यावे. दुसरी विनंती जुन्या कल्याणकरांना आणि इथल्या आकाश मित्र मंडळासारख्या संस्थांना: १९६५ च्या सुमारास त्या तबकड्या ज्यांनी पाहिल्या, तिथे ज्यांनी मजुरी केली, तारा ओढल्या, पहारा दिला, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत असतील. त्यांच्या आठवणी आणि घरातली छायाचित्रे आताच लिहून, जमवून टीआयएफआरच्या किंवा पुण्याच्या केंद्राच्या संग्रहाकडे द्यावीत. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.